राम जोशी : फडावरील पंडित

पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहिरांमध्ये राम जोशी याचे चरित्र बहुधा पतन आणि पश्चात्ताप यांची कथा म्हणून सांगितले जाते. सोलापुरात १७६२ च्या सुमारास विद्याव्यासंगी ब्राह्मण घराण्यात जन्म; धोंडी शाहिराच्या फडाचा नाद; वडीलबंधू मुद्गल यांनी घराबाहेर काढणे; पंढरपुरी संस्कृताचे अध्ययन; मोरोपंतांचा उपदेश आणि कीर्तनाचा स्वीकार, असा तिचा क्रम आहे. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाने ही कथा घरोघरी पोचविली. कथा सुबक आहे. पण रचनांच्या भाषेकडे पाहिले असता ती तितकीशी पटत नाही.

पंढरपुराहून व्याकरण व साहित्यशास्त्र शिकून आलेला हा तरुण लावणीकडे पाठ फिरवीत नाही, उलट मिळविलेली विद्या फडावर नेतो. दीर्घ समास, यमकांची साखळी, छेकापह्नुतीसारखा अलंकार या सामग्रीने तो डफ-तुणतुण्याची लावणी घडवितो. संस्कृत लावणी त्याने रचली. मराठी, कानडी, हिंदुस्थानी व संस्कृत यांचे मिश्रण असलेली रचनाही त्याच्या नावावर आहे. सोलापूर हे कानडी मुलखाच्या सीमेवरचे गाव. तेथील बाजारात दोन-तीन भाषा कानांवर पडणे नित्याचेच. तेव्हा या मिश्रणात पांडित्याचा डौल असला, तरी त्याचे मूळ श्रोत्यांच्या व्यवहारात आहे, हे विसरता कामा नये.

संस्कृतप्रचुर लावणी सामान्यांस कशी कळत असेल, ही शंका वारंवार घेतली जाते. परंतु पोथी-पुराण व कीर्तन यांनी हा शब्दसंग्रह निरक्षर श्रोत्याच्याही कानी घातलेला होता. उलटपक्षी, ठेठ सोलापुरी बोलीतील लावणी वऱ्हाडात, यवतमाळकडच्या बोरी अरबसारख्या गावी, काहीशी परकी वाटली असती. कीर्तनाची भाषा मात्र बोलींच्या सीमा ओलांडणारी होती. फडास लागणारी व्यापक मराठी राम जोशी याने तेथूनच उचलली, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

त्याची मुद्रिकाही या दृष्टीने बोलकी आहे. होनाजी शिलारखाने आपल्या नावासोबत गायक बाळा कारंजकर याचे नाव गोवतो. त्यामुळे लावणी दोघांच्या जोडीची ठरते. राम जोशी ‘कविराय’ म्हणवितो. तमाशाच्या बोर्डावर उभे राहून पंडितसभेतील पदवी आपणच धारण करणारा हा माणूस आपल्या धंद्याविषयी लज्जित होता, असे कोण म्हणेल? लाज असेलच तर ती त्याच्या चरित्रकारांची.

मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) भेटीची आख्यायिका अगदीच टाकाऊ नव्हे. राम जोशी कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या म्हणत असे व त्यांच्या प्रसारास त्याचा मोठा हातभार लागला, हे मान्य आहे. पण या व्यवहारात देणे एका बाजूचे नव्हते. पंतांची आर्या विद्वानांच्या पोथीतून लोकांच्या कानी जावयाची, तर तिला गर्दी धरून ठेवणारा गळा हवा होता, आणि तो गळा फडावर तयार झाला होता. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यातही त्याला आश्रय लाभला तो प्रामुख्याने शाहीर म्हणून. १८१२ च्या सुमारास तो वारला. पेशवाई बुडण्यास तेव्हा सहाएक वर्षे उरली होती.