तळटीप : अ‍ॅलेघेनीचा १८९२चा हंगाम

* ‘पाचशे डॉलरचा गडी’ : येल विद्यापीठाचा माजी खेळाडू विल्यम हेफेलफिंगर. १२ नोव्हेंबर १८९२च्या एका सामन्यासाठी अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने त्याला ही रक्कम मोजली. प्रतिस्पर्धी होता शेजारचाच पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लब. निसटलेला चेंडू उचलून हेफेलफिंगर धावत सुटला आणि अ‍ॅलेघेनीने सामना ४-० जिंकला. (टचडाउनला तेव्हा चारच गुण मिळत, आजच्या हिशेबाने वाचकाने गोंधळू नये.) हौशी क्लबांत पैसे घेऊन खेळणे निषिद्ध, त्यामुळे व्यवहार गुपचूप झाला, पण खजिनदाराची वही प्रामाणिक निघाली. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा आरंभ याच नोंदीपासून मानतात. पुढच्या सामन्यात डॉनेली नावाच्या खेळाडूला २५० डॉलर दिले. तो सामना मात्र अ‍ॅलेघेनी हरले. — संपा.