हुजूरबाजार, जेफ्रीज आणि एकसष्ट छापे

जयंत नारळीकर सगळ्यांना माहीत असतात. त्यांचे मामा वसंत शंकर हुजूरबाजार फारसे कुणाला नसतात, इथे प्लेनोतल्या मराठी मंडळींत तर नाहीच. मामा-भाचे दोघांनाही केंब्रिजचं अ‍ॅडम्स प्राइझ मिळालं, १९६० आणि १९६७ मध्ये.

कोल्हापूरचे हुजूरबाजार हॅरल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी. जेफ्रीज खरे भूकंपशास्त्रज्ञ. खंड सरकतात हे त्यांनी १९८९ मध्ये वारले तोवर मानलं नाही, आणि दोन दाव्यांत कोणता पटण्याजोगा हे मोजायची रीत मात्र त्यांचीच, १९३९ च्या पुस्तकातली! असो.

नाणं १०० वेळा उडवलं, ६१ छापे पडले. नाणं खोटं आहे का? फिशर यांच्या वाटेने गेलात तर नाणं चोख धरून इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता काढायची. ती येते साडेतीन टक्के, म्हणजे रूढ पाच टक्क्यांच्या नियमाने नाणं खोटं. जेफ्रीज विचारतात, जे टोकाचे निकाल घडलेच नाहीत ते हिशेबात कशाला? नेमके ६१ छापे चोख नाण्याला किती शक्य आणि कसल्याही कललेल्या नाण्याला किती, एवढंच बघा. सगळे कल सारखेच संभाव्य धरले तर उत्तर येतं १ ला १.४. एवढ्यावर कुणाला खोटं ठरवायचं?

इथे फक्त छाप्यांची संख्या लागली, क्रम नाही. माहितीचा असा अर्क कधी काढता येतो, हा हुजूरबाजारांचा विषय. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ मध्ये त्यांनीच उभा केला.

पण अर्क ठरावीक घराण्यांच्या वक्रांचाच निघतो. यंत्रातला गोंगाट कुठल्या घराण्यातला, हेच माहीत नसेल तर? फर्ग्युसन यांनी १९७३ मध्ये आख्ख्या वितरणांवरच संभाव्यता मांडली. अडचण अशी की त्यातून निघणारी वितरणं तुटक असतात, त्यामुळे सलग वक्राशी तुलना बसत नाही. पोल्या ट्री इथे कामाला येतं. संख्यारेषेचे दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन, आणि प्रत्येक फाट्यावर डावं की उजवं हे एक नाणं ठरवणार. दोन यंत्रांचा गोंगाट एकाच जातीचा का, हे होम्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या लेखात असंच तपासलं: दर फाट्यावर दोघांचं नाणं एकच की वेगळं, याची जेफ्रीज यांच्या रीतीने तुलना, आणि शेवटी सगळ्यांचा गुणाकार. प्रत्येक फाट्यावर लागतं काय, तर डावीकडे किती गेले आणि उजवीकडे किती. क्रम इथेही लागत नाही.