घाटमाथ्यावरची करवंदे : सवलत आणि हक्क



स्मृतिव्याख्यानासाठी करवंदासारखा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. इतिहास म्हटला की गड, तह आणि सनदा आठवतात. परंतु ज्यांच्या नावे कधी सनद निघाली नाही, त्यांनाही इतिहास असतो. आणि तो शोधावयाचा तर कधी कधी एखाद्या रानफळाचाच माग काढावा लागतो.

हे फळ ग्रंथांना जुन्या काळापासून परिचित आहे. संस्कृतात ते करमर्द. पिकल्यावर काळे होणारे म्हणून ‘कृष्णपाकफल’ हा पर्याय अमरकोशाने नोंदविला आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्याच्या तेराव्या संवादात वेलदोड्याच्या जोडीला करवंदाचीही चर्चा आहे. लिनियसने १७६७ साली या झुडपाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा ‘करांडास’ हा देशी शब्दच त्यात कायम राहिला.

मात्र या ग्रंथांत फळ आहे, ते तोडणारे हात नाहीत. ते हात पाहावयाचे तर आपल्या बेळगावपासून फार दूर जावयास नको. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीचा भाग, पलीकडे चंदगड-आंबोली, खाली गोव्यातील सत्तरी, हा सारा करवंदीच्या जाळ्यांचा मुलूख. चैत्रात हिरवी फळे लोणच्यासाठी काढतात. वैशाखात ती काळी होतात. दुबेळकी काट्यांतून हात घालून एकेक फळ खुडावे लागते आणि देठाचा पांढरा चीक बोटांना चिकटून राहतो. एकदा वळीव पडून गेला की फळाची चव उतरते. म्हणजे हंगाम काही आठवड्यांचाच. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून ती पानाच्या द्रोणातून विकली जातात, आणि आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा मुलांचा खेळ आपण सर्वच खेळलो आहोत. पेरणीपूर्वीच्या ओढीच्या दिवसांत घाटमाथ्यावरच्या स्त्रियांच्या हाती रोख पैसा आणणारे हे फळ आहे.

आता कायद्याकडे वळू. १८७८ च्या वन कायद्याने सरकारी जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे वर्ग पाडले. कायदा झाला तो मुख्यतः इमारती लाकडासाठी. रेल्वेला रुळांखालचे स्लीपर हवे होते. परंतु साग राखण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात करवंदही अडकले. १९२७ च्या कायद्यातील ‘वनोपज’ या शब्दाच्या व्याख्येत फुले आणि फळेही आहेत, आणि राखीव जंगलातून परवानगीवाचून वनोपज गोळा करणे त्याच्या २६ व्या कलमान्वये गुन्हा आहे. १९५६ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९६३ साली तेथे स्वतंत्र वन कायदा झाला. तत्त्व तेच राहिले.

येथे ‘हक्क’ आणि ‘सवलत’ या दोन शब्दांतील भेद लक्षात घ्यावयास हवा. बेडन-पॉवेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांची भूमिका अशी की, लेखी आधार नसेल तेथे गावकऱ्यांचा जंगलवापर हा हक्क नव्हे, सरकारने चालू दिलेली सवलत होय. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या धोरणाला विरोध नोंदविला. ठाणे-कुलाब्यातील तक्रारी वाढल्या, तेव्हा १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १९३० च्या जंगल सत्याग्रहात चिरनेरला गोळीबार झाला. तरीही सवलत ती सवलतच राहिली. करवंदे तोडणारीला सहसा कोणी अडवीत नसे हे खरे; पण न अडविणे म्हणजे हक्क मान्य करणे नव्हे. आज दुर्लक्ष करणारा उद्या टोपली उतरवून घेऊ शकतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही भाषा बदलली. परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर त्याने मालकीचा हक्क मान्य केला. व्याख्येत बांबू, मध, लाख, तेंदूपाने यांची नावे आहेत, करवंदाचे नाही. तरी वनस्पतिजन्य अशा सर्व बिगरलाकडी उपजांत ते येतेच. अडचण आहे ती पुराव्याची. अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. हिशेब केला तर आपण नेमके १९३० सालापाशी पोहोचतो. ज्यांच्या व्यवहाराची कधी पावती फाटली नाही, त्यांनी त्या काळचा कागद आणावा कोठून?

मित्रहो, याचे एक उत्तर त्या कायद्याच्या नियमांतच आहे. इतर पुराव्यांच्या जोडीला, स्वतः दावेदार नसलेल्या वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन तेथे ग्राह्य धरले आहे. म्हणजे ज्या मौखिक साक्षीला इतिहासकार दीर्घकाळ दुय्यम मानीत आले, तिला कायद्याने आसन दिले आहे. परंतु साक्षीदार थांबत नाहीत. १९३० नंतरच्या दशकांत आईबरोबर डोंगर चढलेली मुले आज नव्वदीच्या घरात आहेत.

या शाळेतून शिकून गेलेल्यांत वकील आहेत, शिक्षक आहेत, त्या घाटमाथ्यावरच्या गावांतून आलेलेही आहेत. कोणत्या डोंगरावर, कोणत्या घरची माणसे, कोणाच्या आठवणीपासून करवंदांना जात आली, एवढे गाव, दिनांक आणि साक्षीदारांच्या सहीसह लिहून ठेवणे हे आपल्या आवाक्यातील काम आहे. अक्षर शिकविणाऱ्या गुरुजनांचे स्मरण आपण करतो आहोत. ते अक्षर ज्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, त्यांच्या कामी ते यावे, एवढीच माझी विनंती.