आमची तोफ आणि इंग्रजीतलं 'अवर्स'

विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ कुणाची? 1549 साली अहमदनगरात मुहम्मद बिन हुसेन रूमीने ती ओतली. निजामशाहीची म्हणून ती परंड्याच्या किल्ल्यात आली आणि 1632 मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला ओढत नेली. पुढे विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरवला. 1854 मध्ये इंग्रजी अमलात ती लिलावात दीडशे रुपयांना गेलीही होती, पण सौदा रद्द झाला. एवढे मालक झाले, तरी परंड्याचं पोरगं 'ती आमची तोफ हाय' असं म्हणायला मोकळंच.

हेच इंग्रजीत लिहायला सांगितलं की ते अडतं. तोफेच्या आधी 'अवर', पण तोफेचं नाव आधीच घेऊन झालं असेल तर 'अवर्स'. आपल्याकडे 'माजी वही' आणि 'ही वही माजी' यांत शब्द बदलत नाही. मग इंग्रजीने एकाचे दोन का केले?

मुळात तिनेही केले नव्हते. जुन्या इंग्रजीत 'मीन' हा एकच शब्द दोन्हीकडे चाले. बाराव्या-तेराव्या शतकात व्यंजनापुढचा 'न' गळू लागला, स्वरापुढे मात्र टिकला. म्हणजे पुस्तकाला 'माय', पण डोळ्याला 'माइन'. नंतर स्वरापुढूनही तो गेला आणि एकट्या उभ्या शब्दात तेवढा उरला. हे पाहून दक्षिण इंग्लंडच्या बोलींनी 'अवर्न', 'हर्न' असे शब्द पाडले. उत्तरेकडच्यांनी त्याच जागी 'स' जोडला. प्रमाणभाषेत उत्तरेचा 'स' जिंकला, म्हणून 'अवर्स', 'यूअर्स', 'हर्स'. फक्त 'माइन' जुन्या वळणावर राहिला. वर्गात नियम म्हणून पाठ करतो ते असं बोलींच्या भांडणातून उरलेलं आहे. 'देअर' तर इंग्रजांचा नव्हेच, तो नॉर्स लोकांकडून आलेला.

सगळ्यांत धाकटं 'इट्स'. पूर्वी नपुंसकलिंगी नामालाही 'हिज'च लागे. राजा जेम्सच्या 1611 च्या बायबलात 'इट्स' नाही. एका ठिकाणी नुसत्या 'इट'वर भागवलं होतं, तिथे पुढच्या आवृत्त्यांत 'इट्स' शिरला. हा शब्द रुळला तेव्हा बरेच लोक त्यात वरचा स्वल्पविराम देत. आज तोच दिला की मास्तर लाल गोल काढतात! तीनशे वर्षांपूर्वी त्या पोराचं बरोबर ठरलं असतं.

'माझा'ची वंशावळ याहून सरळ आहे. संस्कृत 'मह्यम्', प्राकृत 'मज्झ', त्यातून 'माझ', पुढे लिंगवचनाचे प्रत्यय. परंड्याच्या बोलीत 'झ'चा 'ज' झाला एवढंच.

1948 पर्यंत परंडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि तिथली राजभाषा उर्दू. उर्दूचं 'उसका' मालक बाई की बाप्या हे सांगत नाही, 'हिज' आणि 'हर' मात्र तेवढंच सांगतात. मराठीचं 'तिचा' मालकीण बाई आहे हेही सांगतं आणि वस्तू पुल्लिंगी आहे हेही. त्यामुळे 'हिज'-'हर'ची निवड मराठी पोराला उर्दूवाल्यापेक्षा सोपी जायला हवी. खरी फजिती आदरार्थी वचनाची. वडील म्हटले की 'त्यांचं नाव', आणि इंग्रजीत एकटे वडील 'देअर' होऊन बसतात. मला त्यात चूक कमी आणि संस्कार जास्त दिसतो, पण गुण जातात ते जातात.

उलट काही ठिकाणी इंग्रजीच तोकडी पडते. 'त्याने आपली वही उचलली' आणि 'त्याने त्याची वही उचलली' यांत वही कुणाची हे मराठीत वेगळं कळू शकतं, इंग्रजीत दोन्हींना 'हिज'. तसंच 'आमचा' आणि 'आपला'. समजा, त्या बुरुजावर परंड्याचा माणूस आणि मराठी कळणारा विजापूरकर शेजारी उभे आहेत. परंडेकर 'आमची तोफ' म्हणाला तर विजापूरकराचा हक्क गेला, वाद लागलाच. 'आपली तोफ' म्हणाला तर चहा दोघांनी मिळून घ्यायचा. इंग्रजीत मात्र तो दोन्ही वेळा 'अवर'च म्हणेल, आणि विजापूरकर त्याच्या तोंडाकडे बघत राहील.