साखळी, त्रिकोण आणि ध्वनीची मंदगती

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. सुमारे १२ किलोमीटरांची ती रेषा काटेकोर मोजायची आणि पुढे कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण रचायचे, अशी ती रीत होती. उन्हाने साखळी प्रसरण पावे, म्हणून तापमानाचीही नोंद ठेवावी लागे.

दोन शतकांनी हाच प्रश्न मुठीत मावणाऱ्या बिनतारी संवेदकांपुढे उभा राहिला. दरडप्रवण डोंगरात शेकडो संवेदक पेरले आणि ‘कोठेतरी जमीन सरकते आहे’ एवढाच इशारा मिळाला, तर कोणती वस्ती हलवायची? प्रत्येकात जीपीएस बसवणे तेव्हा महाग होते, बॅटरीवर भार टाकणारे होते आणि छपराखाली तर निरुपयोगीच.

रेडिओ संकेत जितका क्षीण तितके अंतर अधिक, हा पहिला मोह. पण भिंत, माणूस, ओली पाने, सारेच संकेत क्षीण करतात. परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी २००० साली ‘रडार’ प्रणालीसाठी इमारतीतील जागोजागची तीव्रता आधीच नोंदवून २ ते ३ मीटरांपर्यंत अचूकता गाठली. डोंगराची अशी पूर्वनोंद कोण करणार!

संकेताला लागणारा वेळ मोजावा, तर रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. स्वस्त घड्याळाला ते झेपत नाही. त्याच वर्षी एमआयटीतील हरी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांच्या ‘क्रिकेट’ प्रणालीने ध्वनीच्या मंदगतीचाच उपयोग केला. (बालकृष्णन आयआयटी मद्रासचे, लॅम्बटनची आधाररेषा तेथून फार दूर नव्हती.) रेडिओ आणि श्राव्यातीत ध्वनी एकाच क्षणी सोडायचे. रेडिओ जणू तत्क्षणी पोहोचतो, ध्वनी दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद मागे पडतो. हा विलंब साध्या चिपलाही मोजता येतो आणि अंतर काही सेंटिमीटरांच्या फरकाने कळते. पल्ला मात्र थोड्याच मीटरांचा. शिवाय ध्वनीचा वेग तापमानाने बदलतो, म्हणजे साखळीचे दुखणे येथेही होतेच.

अंतरे मिळाली तरी भूमिती दगा देते. त्रिकोण फार चिंचोळा असेल, तर मापनातील किंचित चुकीने बिंदू आरशातल्यासारखा पलीकडे जाऊन बसतो आणि पुढची सारी रचना उलटते. सर्वेक्षकही चिंचोळे त्रिकोण टाळत. २००४ साली एमआयटीतच डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी यावर कठोर नियम घातला: चार संवेदकांमधील सहाही अंतरे ज्ञात असावीत आणि त्यांतला कोणताही त्रिकोण चिंचोळा नसावा. या कसोटीस न उतरणाऱ्या संवेदकाला चुकीचे स्थान देण्याऐवजी स्थानच द्यायचे नाही.