ऋतूंचे पथ्य कोणाचे?

आयुर्वेद एका धर्माचा आणि युनानी दुसऱ्या धर्माची, अशी वाटणी आज सहज केली जाते. ताटातल्या अन्नाचीही तशीच वाटणी होते. इतिहासात तिला आधार आहे का, हे आम्हाला पाहायचे आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय ऋतूंप्रमाणे आहार सांगतो. हेमंतात जठराग्नी प्रखर, म्हणून स्निग्ध, आंबट, खारट अन्न घ्यावे. ग्रीष्मात गोड, थंड, पातळ घ्यावे. पावसाळ्यात अग्नी मंदावतो, म्हणून जुने धान्य आणि कढण. याच अध्यायात हेमंतासाठी आणि पावसाळ्यासाठी मांसही सांगितले आहे. आयुर्वेद म्हणजे केवळ शाकाहार, असे सांगणाऱ्यांनी हे पान उघडून पाहावे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात ऋतुसंधीचा नियम दिला. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस जुनी सवय हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी.

ही विद्या बगदादला पोहोचली ती हारून अल-रशीदच्या काळात (786–809). त्याचा वजीर यह्या बिन खालिद बरमकी याने मनका या भारतीय वैद्याकडून सुश्रुताचे भाषांतर करवून घेतले. चरक आधी फारसीत आणि मग अरबीत गेला. इब्न अल-नदीमच्या दहाव्या शतकातील 'फिहरिस्त'मध्ये या नोंदी आहेत. 850च्या सुमारास अली बिन रब्बन तबरीने 'फिरदौस अल-हिकमा' या ग्रंथाच्या अखेरीस हिंदी वैद्यकाला 36 प्रकरणे दिली. परक्यांची विद्या म्हणून त्याने ती टाळली नाही.

हिंदुस्थानात हीच वाट पुढे गेली. 1512मध्ये सिकंदर लोदीचा वजीर मियाँ भुवा याने संस्कृत वैद्यकग्रंथांच्या आधारे 'मादन-उल-शिफा' हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. यूनानी वैद्यक इथल्या हवेला आणि प्रकृतीला पुरेसे मानवत नाही, हे त्यामागचे कारण. युनानी परंपरा वर्षाचे चार ऋतू मानते, तर आपल्याकडे सहा. मोसमी पावसाच्या देशात हकीमालाही पावसाळा वेगळा धरावाच लागणार. पुढे 13 फेब्रुवारी 1921 रोजी दिल्लीत गांधीजींच्या हस्ते हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन झाले. तिथे आयुर्वेद आणि युनानी एकाच छपराखाली शिकवले जाऊ लागले.

आमच्या घरांतही दोन पंचांगे नांदतात. हिजरी वर्ष चांद्र, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. सण चंद्र ठरवतो. चुलीवर काय चढायचे ते मात्र ऋतूच ठरवतो. वैशाखात रोजा आला तर इफ्तारला सब्जाचे सरबत हवेच. कोकणातल्या मुसलमान घरांत पावसाळ्याआधी सुकी मासळी डब्यांत भरली जाते, कारण पुढे होड्या किनाऱ्याला लागतात. शेतकरी मुसलमानही रोहिणी-मृगाच्या हिशेबानेच पेरणीला लागतो. त्याला हा हिशेब कोणत्या धर्माचा, असे कोणी विचारलेले नाही.

ज्या विद्येची भाषांतरे बाराशे वर्षांपूर्वी झाली, तिच्यावर आज कुंपण घालणे हा त्या वैद्यांचा, भाषांतरकारांचा आणि हकीमांचाही अवमान आहे. ऋतूंचे पथ्य हा आपला सर्वांचा वारसा आहे आणि तो आम्ही तसाच पुढच्या पिढीच्या हाती देऊ इच्छितो.