एक एकर शेती (मराठवाडा)

'एक एकर शेती' ही मराठवाड्यातील अल्पभूधारक कुटुंबांतील स्त्रियांनी अंगीकारलेली शाश्वत शेतीची पद्धत आहे. कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकराचा तुकडा स्त्रीकडे सोपविला जातो व त्यात ती रासायनिक खतांऐवजी जीवामृत, गांडूळखत, दशपर्णी अर्क वापरून भाजीपाला, कडधान्ये व तृणधान्ये एकत्र घेते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनकार्यातून उभ्या राहिलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने लातूर, धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद), नांदेड आदी जिल्ह्यांत या पद्धतीचा प्रसार केला. संस्थेस २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर पारितोषिक' मिळाले.

पार्श्वभूमी

मराठवाड्यात पूर्वी ज्वारीच्या पिकात तूर, मूग, अंबाडी यांचे पाटे टाकण्याची रीत होती. पुढे उमरीसह नांदेड जिल्ह्यात कापूस व सोयाबीन, तर लातूरकडे सोयाबीन व ऊस यांचा विस्तार झाला. संकरित कापसाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. खते, कीटकनाशकेही उसनवारीवर येतात. पाऊस हुकला की कर्ज उरते आणि नगदी पीक खाताही येत नाही. २०१२ पासूनच्या दुष्काळांत हे प्रकर्षाने दिसले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले.

प्रेरणा

शाश्वत शेतीकडे वळण्यामागे बाजारभाव हेच कारण सर्वत्र असते असे नाही. कॉफीच्या बाबतीत ते ठळक आहे: १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हॅवेलार' हे न्याय्य व्यापाराचे चिन्ह मेक्सिकोतील कॉफीपासूनच सुरू झाले आणि प्रमाणित मालास वाढीव दर देण्याची प्रथा रुळली. एकरभर भाजीसाठी असे प्रमाणपत्र मिळविणे परवडत नाही. शिवाय राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांच्या जमिनीलाही साधारणतः दोन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो.

येथील प्रेरणा घरातली आहे. मेथी, शेपू महिन्याभरात ताटात येतात, रोखीचा खर्च घटतो व उरलेला माल आठवडी बाजारात विकून आलेला पैसा स्त्रीच्या हाती राहतो. काय पेरावे हे ठरविण्याचा अधिकार मिळणे, ही गोष्टही उत्पन्नाइतकीच महत्त्वाची ठरते.

जमिनीचा हक्क

तुकडा मिळतो तो बहुधा तोंडी संमतीने. मातीचा कस वाढण्यास काही हंगाम जावे लागतात. तेवढ्यात जमीन परत मागितली गेल्यास श्रम वाया जातात. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीस पीककर्ज व अनुदान मिळविणेही कठीण जाते. पत्नीच्या नावे स्वेच्छेने जमीन करण्याची 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास चालविली होती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. सासरच्या शेतात राबणाऱ्या सुनेस मात्र त्या दुरुस्तीने असा वाटा मिळाला नाही.